औषधाच्या मुळाशी : ज्ञानेश्वरीतील अहिंसा आणि संशोधनाची किंमत

एका जीवाचे दुःख हटवण्यासाठी दुसऱ्या जीवाला दुःख द्यावे लागले, तर त्या कृतीला अहिंसा म्हणता येईल का? मराठीत हा प्रश्न विलक्षण धीटपणे विचारला गेला तो प्रवरेच्या काठी, नेवाशाला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, तेथे ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. तिच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण येते. गीतेच्या मूळ श्लोकात अहिंसा हा नुसता एक शब्द आहे. अमानित्व आणि अदंभित्व यांच्या मागोमाग तो येतो आणि पुढे क्षांती, आर्जव अशी मालिका सुरू राहते. ज्ञानदेव मात्र या एका शब्दापाशी थांबतात आणि शेकड्याच्या घरात ओव्या त्यावर खर्च करतात.

ही मालिका कशाची आहे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. गीतेचा तेरावा अध्याय क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे शेत आणि त्या शेताला जाणणारा, यांचा विचार करतो. ज्ञान कशाला म्हणावे, हे सांगण्यासाठी त्यात जी लक्षणे मोजली आहेत त्यांतले अहिंसा हे तिसरे. ही यादी पुण्यकर्मांची नाही आणि राजाच्या किंवा गृहस्थाच्या कर्तव्यांचीही नाही. एखाद्याला क्षेत्र कळले आहे की नाही, हे तो दुसऱ्याला इजा करतो की नाही यावरून ओळखावे, असे तेथे म्हटले आहे. आजच्या विचारात आधी ज्ञान मिळते आणि नंतर त्याचा वापर चांगला की वाईट हे नीती ठरवते, अशी दोन वेगळी खाती धरली जातात. तेराव्या अध्यायात खाते एकच आहे.

ज्ञानदेव अहिंसेचे स्वतःचे लक्षण लगेच सांगत नाहीत. आधी ते इतरांची अहिंसा तपासतात आणि त्यासाठी घेतलेली उदाहरणे पाहिली, तर आजच्या संशोधनाची तीन मोठी क्षेत्रे ओळीने समोर येतात. पहिले पावसाचे. अवर्षणाने लोक गांजले म्हणून पर्जन्येष्टी करायची. पण त्या इष्टीच्या मुळाशीच पशूचा वध असतो. दुसरे औषधाचे, आणि येथे ज्ञानदेवांची लेखणी फार खोल जाते. रोगाने तळमळणारे जीव पाहून वैद्याला दया आली आणि त्याने चिकित्सा सुरू केली. त्या चिकित्सेसाठी कोणाचे कंद खणले गेले, कोणी पानामुळांसकट उपटले गेले, कोणाची साल सोलली गेली, कोणी पुटात घालून उकडले गेले. ज्यांचे कोणाशी वैर नाही त्या झाडांना अंगभर चिरा पडल्या आणि रस काढून ती कोरडी करण्यात आली. प्राण्यांच्या शरीरातून पित्त काढले गेले आणि त्यावर दुसरे शिणलेले जीव वाचवण्यात आले. तिसरे उदाहरण बांधकामाचे : राहती घरे मोडून देव्हारे उभारणे, देऊळ पाडून त्याच्याच दगडांनी देवाभोवती भिंत घालणे, फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण करणे. यांच्या जोडीला पाणी गाळणाऱ्यांचाही उल्लेख येतो. जीव वाचावेत म्हणून पाणी गाळले, तर गाळण्यात सापडलेले जीव मरतात.

हे सारे वाचून ज्ञानदेव वैद्यकाच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रुग्णाला औषध देऊ नका, असे ते कोठेही सांगत नाहीत. त्यांचा आक्षेप नावाला आहे. जीव घेऊन जीव वाचवला, तर जे घडले त्याचे पूर्ण नाव घ्या. अर्ध्याच भागाला अहिंसा म्हणू नका.

हा आक्षेप ज्या वादाच्या पार्श्वभूमीवर उभा आहे, तो वाद ज्ञानदेवांपूर्वी कित्येक शतके चालला होता. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे म्हणणे असे की, कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये हा सामान्य निषेध आहे आणि यज्ञात पशू मारावा ही विशेष आज्ञा आहे. विशेष आज्ञा सामान्य नियमाला बाजूला सारते. म्हणून यज्ञातल्या वधाचे पाप लागत नाही. सांख्यांना हे मान्य नव्हते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, दुसऱ्याच कारिकेत, दुःखनिवारणाच्या वैदिक उपायांवर अशुद्धीचा दोष ठेवला आहे. त्यावर टीका लिहिताना वाचस्पती मिश्रांनी जो युक्तिवाद केला तो आजही ताजा वाटतो. हे दोन नियम एकमेकांच्या आड येतच नाहीत, असे ते म्हणतात. एक सांगतो की वधाने यज्ञ साधतो. दुसरा सांगतो की वधाने मारणाऱ्याला दोष लागतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. लाभ लाभाच्या जागी राहतो, दोष दोषाच्या जागी राहतो, आणि एकाने दुसरा पुसला जात नाही.

जैन परंपरेचा मार्ग तिसरा : उपाय कमी करा, हालचाल कमी करा, खाण्यापिण्यात संयम ठेवा, म्हणजे हिंसा घटत जाईल. नेवासे ज्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, तेथे या परंपरेची मुळे खोल आहेत. आचार्य आनंदऋषींसारख्यांचे चरित्र त्याची साक्ष देते. ज्ञानदेव याही मार्गाला सोडत नाहीत. हिंसेच्या भयाने धान्याचा कणही न खाता राहिले, तर स्वतःच्या प्राणांचे हाल होतात आणि तीही हिंसाच ठरते, असे ते दाखवतात.

मीमांसक परवानगी दाखवतात, सांख्य दोन्ही बाजू लिहून ठेवतात, जैन खर्चच कमी करतात. संशोधनाची आजची सारी नीतिशास्त्रे या तिन्हींच्या मिश्रणातून चालतात, हे थोडे तपासले तरी दिसते.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने होते. हा कायदा प्राण्याला विनाकारण वेदना देणे गुन्हा ठरवतो आणि कलम १४ मध्ये सांगतो की, जीव वाचवणारे किंवा आयुष्य वाढवणारे नवे ज्ञान मिळवण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदेशीर नाहीत. सामान्य निषेध आणि विशेष परवानगी : रचना थेट मीमांसकांची. पण त्याच कायद्याचे कलम १७ पुढे जाते. प्राण्याशिवाय काम भागत असेल तर प्राणी वापरू नये, मोठ्या प्राण्याऐवजी लहानावर भागत असेल तर तसे करावे, शस्त्रक्रिया भूल देऊन करावी, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, अशी काळजी घेण्याचे काम ते प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीवर सोपवते. हा जैनांचा संयम झाला. या कायद्याच्या एकच वर्ष आधी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्याऐवजी पर्याय, संख्येत घट आणि पद्धतीत सुधारणा अशी त्रिसूत्री मांडली होती. २०१४ मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली आणि २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा दिली. जे प्रयोग काल अपरिहार्य म्हटले जात होते, त्यांतले काही आज अनावश्यक ठरले आहेत. परवानगीवर समाधान मानणाऱ्याला हा फरक कधी दिसलाच नसता. दोष वहीत लिहून ठेवणाऱ्यांच्या टोचणीमुळे तो शोधला गेला.

माणसांवरील प्रयोगांत प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेथे ज्याच्यावर प्रयोग होतो तो बोलू शकतो, नाही म्हणू शकतो. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नोंदले गेले आहे. पण तुरुंगातली स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या नोंदीने सुटत नाही. हाफकिन यांच्या कृतीचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. ज्ञानाची किंमत आधी जाणणाऱ्याने भरावी, हे त्यांनी करून दाखवले. पुढे नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने संमतीला पहिले स्थान दिले. नाझी छळछावण्यांत प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना हिंसा दिसत नव्हती असे नाही. ती त्यांनी डोळ्यांसमोर घडवली, मोजली आणि कागदावर उतरवली. इजा ही नेहमीच अज्ञानातून येते, असे मानणाऱ्यांना हा इतिहास उत्तर मागतो. तेथे क्षेत्राचे बारकावे टिपले गेले होते. जे क्षेत्र म्हणून समोर पडले आहे त्यातही एक जाणणारा आहे, हे मात्र नाकारले गेले होते. तेराव्या अध्यायाच्या भाषेत, क्षेत्र पाहिले आणि क्षेत्रज्ञ पाहिला नाही.

क्षेत्रातला क्षेत्रज्ञ ओळखण्याच्या बाबतीत नगर जिल्ह्याने जगापुढे एक उदाहरण ठेवले आहे आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका दुष्काळी होता. प्रकल्पाची पहिली वर्षे आणि १९७२ चा दुष्काळ एकत्रच आले. डॉक्टर रोग बरे करायला आले होते आणि गावे पाणी व अन्न मागत होती. आरोळ्यांनी आपली प्रश्नावली बाजूला ठेवून गावांची मागणी आधी घेतली, आणि विहिरी, कूपनलिका व अन्न ही आरोग्याची कामे ठरली. पुढे गावोगावच्या बायकांना, त्यांतही दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्य सेविका म्हणून शिकवण्यात आले. बाळंतपण, बाळाचे वजन, हगवणीवर साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगाची आणि क्षयाची ओळख ही कामे त्यांच्या हाती आली. प्रकल्पाच्या सुरुवातीला या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. हे प्रमाण नंतरच्या दशकांत झपाट्याने खाली आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडचा समावेश होता आणि १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात संशोधन कोठे आहे, असे विचारले जाते. ते मोजण्यात आहे. कोणत्या घरात मूल जन्मले, कोणत्या घरात गेले, कोणती बाई गरोदर आहे, हे सारे सेविकेला ठाऊक असे आणि तिच्या नोंदीतून प्रकल्पाला कळे. आकडा मिळवणारी व्यक्ती आणि त्या आकड्यावर उपाय करणारी व्यक्ती एकच होती. शिवाय ती त्याच गावात राहत होती, त्याच विहिरीचे पाणी पीत होती. माहिती गोळा करून शहरात नेणारा अभ्यासक गावाकडून काहीतरी घेतो आणि बहुधा परत करत नाही. जामखेडमध्ये घेणे आणि देणे यांच्यात अंतरच उरले नाही. क्षेत्रच क्षेत्रज्ञ झाले, असे म्हणणे येथे अलंकारिक ठरत नाही.

तरीही जामखेडला सांख्यांच्या प्रश्नातून सुटका नाही. प्रकल्पाचा परिणाम खरोखर किती, हे कळण्यासाठी त्याच्या गावांची तुलना बाहेरच्या गावांशी करावी लागते. असा एक अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. ही तुलना मागे वळून केलेली होती. कोणाला सेवा नाकारून ती उभी केलेली नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांत ही देखभाल दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो छापला : नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. या आकड्याने पुढे देशाचे आरोग्य धोरण बदलले आणि अगणित बालके वाचली. तुलनेच्या गावांत मेलेली बालके या प्रयोगाने मारली नाहीत. ती आधीही तशीच मरत होती. पण त्यांच्या मरणाची नोंद झाल्याशिवाय तो आकडा उभा राहू शकला नसता, हेही खरे. येथे वाचस्पतींचा मार्गच प्रामाणिक आहे. लाभ प्रचंड मोठा आहे आणि ऋणही शिल्लक आहे. त्या ४७ गावांना देशाच्या आरोग्यसेवेकडून काही येणे लागते, असे मानणे हाच त्यावरचा योग्य विचार होय.

पाणी गाळण्याच्या ओवीला विसाव्या शतकात अनपेक्षित पुढचा अध्याय मिळाला. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. रोग्याच्या पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडे, त्याच्या अळ्या पाण्यातल्या बारीक जीवांत शिरत आणि ते पाणी प्यायले की चक्र पुन्हा सुरू होई. यावर औषध नव्हते. उपाय एवढेच होते : पाणी दुपदरी फडक्याने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढणे आणि पाण्यात औषध टाकून ते बारीक जीव मारणे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. एका जंताची देशातली सारी प्रजा जाणूनबुजून संपवली गेली. त्याबद्दल हळहळावे असे येथे काहीच नाही. परंतु ही अहिंसा होती असे म्हणण्यापेक्षा, ही हिंसा होती आणि ती करणे योग्य होते, असे म्हणणे ज्ञानदेवांच्या कसोटीला उतरते.

पर्जन्येष्टीच्या जागी आता पाणलोट विकास आला आहे आणि त्याची महाराष्ट्रातली शाळा नगर जिल्ह्यातच भरली. राळेगणसिद्धी या गावानंतर हिवरे बाजारने या कामाला हिशेबाची जोड दिली. १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे समतल चर, बांध आणि झाडे झाली. त्याहून महत्त्वाचा ठरला तो पाण्याचा वार्षिक ताळेबंद. त्याचे गणित शाळकरी मुलालाही करता येते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, म्हणून एका मिलिमीटरमागे जवळपास ९८ लाख लिटर. त्यातले किती वाहून जाते, किती मुरते, माणसांना आणि जनावरांना किती लागते, हे वजा करून रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही, हे नियम याच गणितातून आले. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या गावात ऊस लावणारा शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी नेतो. आपल्या पिकात दडलेली इजा येथे आकड्याने उघडी पडली आणि ती उघडी पडल्यावर गावाने स्वतःला आवरले. ज्ञान आणि अहिंसा एकाच खात्यात मांडण्याचा अर्थ याहून स्पष्ट करून दाखवणे कठीण आहे.

मात्र पाणलोटाच्या कामातल्या कुऱ्हाडबंदीची आणि चराईबंदीची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. डोंगर पाच वर्षे बंद ठेवला तर विहीर असलेल्याचे पाणी वाढते; ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याला त्या विकाव्या लागतात. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९० च्या दशकात हे काम सुरू झाले तेव्हा मेंढरे चारणाऱ्यांचा प्रश्न समोर आला आणि चराईबंदी टप्प्याटप्प्याने करण्याचा मार्ग धरावा लागला. फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या पाणलोट संस्थेने या गावात पुढे प्रशिक्षण केंद्र उभे केले. धनगराच्या मेंढरांना जागा ठेवल्याने कामाचा वेग मंदावत असेल. पण ती जागा न ठेवता केलेला पाणलोट म्हणजे फांद्या तोडून बुंध्याला घातलेले कुंपणच.

अभियांत्रिकीचा पट सर्वांत लांब आहे, आणि तो त्याच प्रवरेवर मांडलेला आहे जिच्या काठी या ओव्या सांगितल्या गेल्या. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, १९१० मध्ये सुरू झालेले भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ८२ मीटर उंचीची ती भिंत त्या काळी देशातल्या अत्यंत उंच धरणांपैकी एक होती. तिच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सावकारी आणि दुष्काळ यांत पिचलेल्या शेतकऱ्याला मिळालेले हे मोठे बळ होते; ते कमी लेखण्याचे कारण नाही.

पण खोल काळ्या जमिनीला पाणी पाजायचे तर तिच्यातून ते निघून जाण्याचीही सोय करावी लागते. ती न केल्यास जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ वर साचते. सोडियम वाढला की मातीच्या कणांचे पुंजके फुटतात, जमीन घट्ट होते, पाणी आत शिरेनासे होते. शेतकरी तिला चोपण म्हणतात. दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी पाणथळ आणि खारपड होत आहेत, हे क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने १९२० च्या दशकातच अभ्यासून मांडले होते. म्हणजे भंडारदऱ्याची भिंत पूर्ण होत होती त्याच काळात तिच्यासारख्या योजनांचे दुखणेही विज्ञानाला कळले होते. कालवा काढणारे ज्ञान वेगाने पसरले, चर काढणारे ज्ञान मागे राहिले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पिकाचे टन मोजले जात होते आणि खारावलेले एकर त्या तक्त्यात बसत नव्हते. पुढे १९६८ मध्ये राहुरीला स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांना या क्षारपड जमिनींचा प्रश्न वारशाने मिळाला. येथे इजा म्हणजे शब्दशः न मोजलेले क्षेत्र होते.

अकोल्याचे दुखणे वेगळे. पाणी जेथे अडते तेथले महादेव कोळी आणि ठाकर आदिवासी उंचावर राहतात. पाणी खाली जाते. प्रवरेवरचा निळवंडे धरण प्रकल्प १९७० मध्ये मंजूर झाला आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. मधल्या अर्ध्या शतकात धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी आणि लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी कालव्यांसाठी, अशा दोन्ही टोकांनी लढे दिले. राहती घरे मोडून देव्हारे उभारण्याची ओवी अशा ठिकाणी वाचायला हवी. तेथे ज्ञानदेवांनी देवळाचीही गय केलेली नाही. तर धरणाची का व्हावी?

जाणण्यासाठी मोडावे का, हा प्रश्न एका संशोधनात तर अगदी टोकाला जातो, आणि तेही नेवाशातच घडले. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारांपासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर मिळाले. ताम्रपाषाणयुगातली, मडक्यांत पुरलेली बालके मिळाली. उत्खननाचा थर एकदाच वाचता येतो, कारण वाचणे म्हणजेच तो काढून टाकणे. म्हणून पुरातत्त्वज्ञ काळजीपूर्वक नोंद ठेवतो आणि चांगला पुरातत्त्वज्ञ टेकाडाचा काही भाग न खणता पुढच्या पिढीसाठी सोडतो. जाणण्याच्या कृतीतच मोडणे आहे, हे त्या शास्त्राने प्रांजळपणे पत्करले आहे. इतर शास्त्रांनी ते त्याच्याकडून शिकावे.

ज्ञानदेवांचे स्वतःचे उत्तर या सर्व हिशेबांच्या पलीकडचे आहे. अहिंसा ही कृतींची बेरीज नसून जाणणाऱ्याच्या मनाची घडण आहे आणि ती त्याच्या चालण्यात, बघण्यात, बोलण्यात, हाताच्या स्पर्शात आपोआप उतरते, असे ते सांगतात. असा माणूस पाऊल टाकतो ते कमळाच्या केसरांना धक्का लागू नये म्हणून भुंगा हळुवार बसतो तसे. आणखी एक उपमा संशोधनाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे : प्रेमाने पिल्लू तोंडात धरून नेणारी मादी. टीकाकार तिला मांजरी समजतात. दात तेच, ज्यांनी ती उंदीर फाडते. पिल्लाला ते लागतातही, पण रुतत नाहीत. सुरी, सुई, यंत्र, सुरुंग ही ज्ञानाची हत्यारे टाकून देण्याची गरज नाही. पकड बदलण्याची आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मनाची घडण तपासता येत नाही. कोणतीही समिती शास्त्रज्ञाच्या अंतःकरणात डोकावू शकत नाही; कायद्याला कागदच लागतात. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार नैतिक समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. ही व्यवस्था आवश्यक आहे. तिचा धोका असा की, समितीची मंजुरी मिळाली म्हणजे दोष धुतला गेला, असे संशोधकाला वाटू लागते. सही झालेला संमतिपत्राचा कागद यज्ञातल्या विधिवाक्याची जागा घेतो. धरणाच्या पर्यावरण मंजुरीचेही तेच होते. मंजुरी काम करण्याची मुभा देते. झालेल्या इजेचे ऋण ती फेडत नाही. ते फेडायचे तर इजा ज्याला झाली त्याच्याकडे जावे लागते : तुलनेच्या गावाकडे, शेळ्या विकलेल्या घराकडे, खारपड एकराकडे, धरणाच्या वरच्या पाड्याकडे. सांख्यांची वही कायद्याने ठेवता येते आणि ती ठेवलीच पाहिजे. ज्ञानदेवांची पकड मात्र सक्तीने आणता येत नाही. ती जामखेडसारख्या ठिकाणी शिकता येते.

नेवाशापासून काही कोसांवर, अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात, जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये कैदेत असताना 'भारताचा शोध' लिहिला आणि त्यात वैज्ञानिक दृष्टीचा आग्रह धरला. तो आग्रह १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये आला. तेथे वैज्ञानिक दृष्टिकोन आठव्या खंडात आहे. त्याच्या लगेच आधीच्या, सातव्या खंडात निसर्गाचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया आहे.